६५ हजारांचा डिप्लोमा आणि साइन बार

पत्र

सर, सप्रेम नमस्कार. मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर आहे. वय २९. सातपूरच्या आयटीआयमधून फिटर केलं त्याला दहा वर्षं झाली. सात वर्षं कंत्राटी होतो, आता परमनंट आहे. दिवाळीनंतर आमच्या लाइनवर डिप्लोमा झालेला २२ वर्षांचा मुलगा इंजिनिअर म्हणून आला. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती, मशिनमध्ये कसा टाकायचा हे मीच त्याला शिकवलं. आता माझ्या रजेच्या अर्जावर तो सही करतो. पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मला झोप लागत नाही.

सिडकोत एक जण भेटला. बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाचा मेकॅनिकल डिप्लोमा, घरबसल्या, सहा महिन्यांत, मार्कशीट मागच्या तारखांची. एकूण ६५ हजार. मी ५ हजार टोकन दिलं. दहावीचं आणि आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट त्याने ‘प्रोसेस’साठी ठेवून घेतलंय. तो म्हणतो, सरकारी ठिकाणी काही शिकवत नाहीत, उगाच वर्षं जातील. बायको म्हणते, पुढचे पैसे देऊ नका. वडील निफाडला शेती करतात, ते म्हणतात, शिकायचं वय गेलं, आहे ते सांभाळ. खरा डिप्लोमा करायचा तर शिफ्ट आडवी येते आणि गणित दहावीलाच सुटलं. मुलगी तीन वर्षांची आहे. काय करू?

– एक फिटर, सिडको

उत्तर

तू मला सर म्हणालास. मी बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा मास्तर होतो, काही वर्षं संध्याकाळचे वर्गही घेतले. तुझ्या वयाची पोरं आयुष्यभर समोर बसली, म्हणून तुला ‘तू’च म्हणतो.

आधी उद्याचं काम. पाच हजार गेले असं समज आणि मूळ सर्टिफिकेटं परत आण. एकटा जाऊ नकोस, कंपनीतला एखादा जाणता माणूस बरोबर घे. तिथे वाद घालू नकोस, टोकन परत मागत बसू नकोस. कागद हातात पडले की बाहेर पड. तो देत नसेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे. त्याच्याशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं तोपर्यंत पुसू नकोस.

मागच्या तारखांची मार्कशीट म्हणजे बनावट कागद, याला दुसरं नाव नाही. तो तू कंपनीत दाखवलास की गुन्हा तुझ्या नावावर. दहा वर्षं घासून मिळवलेली परमनंट नोकरी त्या एका कागदापायी जाऊ शकते. आणि समजा तारखा खऱ्या असत्या, तरी काय? ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेची परवानगी न घेता इंजिनिअरिंगच्या पदव्या पत्राद्वारे वाटल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या, त्यांना पुन्हा परीक्षेला बसायला सांगितलं. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. हा खटला नोकरीतल्या बढतीच्या वादातून निघाला होता, हे तू नीट लक्षात घे. त्या रांगेत तुझ्यासारखीच माणसं होती. शॉप फ्लोअरवर उभं राहून पोट भरणारी, वर सरकायची आस असलेली. त्यांनी पैसे भरले होते, काहींनी मनापासून अभ्यासही केला होता.

यंत्राचं शिक्षण पोस्टाने का येत नाही, हे तुला मी सांगायला नको. पण एक प्रयोग सांगतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला माइल्ड स्टीलचा गोल नमुना मशिनमध्ये धरून ताणतात. सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग तो लांबतो, मधे एका जागी कंबर बारीक होत जाते आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज होऊन तुटतो. तुटलेले दोन तुकडे हातात घेतले की ते गरम लागतात. ती ऊब ज्याने तळहातावर घेतली त्याला ताणाचा आलेख पुन्हा पाठ करावा लागत नाही. तुझ्या एजंटच्या पाकिटात तो नमुना नसणार.

आता त्याचं दुसरं वाक्य, सरकारी ठिकाणी काही शिकवत नाहीत. याचा मला राग आला, तो लपवत नाही. सार्वजनिक तंत्रशिक्षण कुणी आयतं आणून दिलेलं नाही. ते तुझ्यासारख्यांच्या प्रश्नांतून उभं राहिलं. १८०० च्या आसपास स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जॉर्ज बर्कबेक नावाचा तरुण प्राध्यापक होता. त्याला प्रयोगासाठी एक उपकरण हवं होतं, म्हणून तो पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराच्या दुकानात गेला. तिथले कामगार उपकरणाभोवती गोळा झाले आणि विचारू लागले की हे चालतं कसं, पाणी वर चढतं ते कशामुळे. ही माणसं रोज वस्तू घडवतात आणि तिच्या मागचं शास्त्र यांना कुणी सांगितलेलं नाही, हे त्याला टोचलं. त्याने शनिवारी संध्याकाळी त्यांच्यासाठी फुकट व्याख्यानं सुरू केली. पहिल्याला ७५ जण आले, चौथ्याला ५००. आठवडाभर राबून, शनिवारी रात्री! १८२३ मध्ये लंडनला अशीच संस्था निघाली आणि मग गावोगावी निघाल्या.

पण त्यातल्या बऱ्याच संस्था पुढे कामगारांच्या राहिल्या नाहीत, तिथे कारकून आणि दुकानदार जास्त दिसू लागले. व्याख्यानं जड असायची, कामगारांचं लिहिणं-वाचणं आणि गणित कच्चं असायचं. दहा तास राबून आलेला माणूस न समजणारं किती दिवस ऐकणार? ही गोष्ट तुझ्या गणितापाशी मला पुन्हा लागणार आहे.

सरकारचा पैसा यात खूप उशिरा आला. दुसरे देश कारखानदारीत पुढे चालले हे दिसल्यावर ब्रिटनने १८८९ मध्ये तंत्रशिक्षणाचा कायदा केला आणि स्थानिक मंडळांना त्यासाठी कर बसवण्याची मुभा दिली. पुढच्याच वर्षी बिअर आणि दारूवरच्या वाढीव कराचा पैसा हाती आला. तो खरं तर परवाने जाणाऱ्या गुत्तेवाल्यांना भरपाई म्हणून द्यायचा होता. दारूबंदीवाल्यांनी त्याला विरोध केला आणि तो पैसा वळला तंत्रशाळांकडे, संध्याकाळच्या वर्गांकडे. लोक त्याला ‘व्हिस्की मनी’ म्हणत. मला ही हकिकत फार आवडते. एखाद्या लेथची किंमत दारूच्या करातून निघाली असेल, तर ती लेथ कुणाच्या मेहेरबानीची नव्हती, सगळ्यांची होती.

आपल्याकडेही सरकारच्या आधी लोक होते. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रशाळा काढली ती दिवसभर राबणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांसाठी. १८५४ ची पुण्याची इंजिनिअरिंगची शाळा सरकारी होती, पण तिचा पहिला हेतू बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवणं हा होता. मुंबईला १८८७ मध्ये आजचं व्हीजेटीआय हे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं. मग १९५० मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आयटीआय उभ्या राहिल्या. आपल्या नाशिकला १९६४ मध्ये ओझरचा विमान कारखाना आला, सातपूर-अंबडला वसाहती वाढल्या, १९८० मध्ये सामनगावचं शासकीय तंत्रनिकेतन निघालं. ज्या आयटीआयमध्ये तू कानस धरायला शिकलास ती याच साखळीतली. तिथे काही शिकवत नाहीत म्हणणाऱ्याला विचार, ऑफसेट टाकणारा हात कुठे तयार झाला?

वडिलांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. शेतकऱ्याला हातचं सोडून पळत्यामागे लागायची भीती असते, ती अनुभवातून आलेली असते. त्यांना सांग की नोकरी सोडणार नाही, एवढ्याने निम्मी भीती जाईल. राहिला वयाचा प्रश्न. त्यासाठी त्यांना आपल्याच जिल्ह्यातली दोन माणसं सांग. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीला दत्तक गेला. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. बरोबरीची राजघराण्यातली मुलं पुस्तकं वाचत होती तेव्हा हा मुळाक्षरं गिरवत होता. तेच पुढे सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढलं, जिथे कारागिरांच्या पोरांना यंत्र, रंग, सुतारकाम, चित्रकला त्यांच्याच भाषेत शिकवायची सोय केली. आणि त्या कलाभवनात शिकून गेलेला एक विद्यार्थी आपल्या त्र्यंबकचा, दादासाहेब फाळके. तू रोज कंपनीत जाताना पांडवलेणीच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे तेच. चित्रपट कसा करतात ते शिकायला फाळके लंडनला गेले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, घरात बायको-मुलं होती. तू २९ चा आहेस.

आता एक गोष्ट जी मी फार कमी जणांना सांगितली आहे. एका संस्थेत मी संध्याकाळच्या वर्गावर होतो. एक मुलगा कायम वीस-पंचवीस मिनिटं उशिरा यायचा. डांगरी तशीच, नखांत ग्रीस. मला वाटायचं, याला वेळेचं गांभीर्य नाही. एके दिवशी मी दार लावून घेतलं. तो काचेतून थोडा वेळ बघत उभा राहिला आणि गेला. पुन्हा आलाच नाही. नंतर कळलं की शिफ्ट सुटल्यावर त्याला बस मिळायची नाही, तो चालत यायचा. पाच-सहा किलोमीटर. हे आठवलं की अजून मला बसवत नाही. तुला एवढंच सांगतो, वर्गाला उशीर झाला म्हणून घरी परतू नकोस. दार लावलेलं असेल तर वाजव. ‘ड्युटीवरून आलोय’ म्हण. सर चिडले तरी आत जाऊन बस.

गणिताकडे येतो. तुझं गणित सुटलेलं नाही, तुला त्याचं नाव सांगितलं गेलं नाही. साइन बार, म्हणजे नेमका कोन लावायची ती पट्टी, वापरला आहेस ना? २०० मिलिमीटरचा साइन बार, ३० अंशाचा कोन लावायचा, तर एका बाजूला स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे ठोकळे, किती उंचीचे रचायचे? १००. तक्त्यात बघून रचले असशील. पण ते १०० आले कुठून? ३० अंशाचा साइन म्हणजे ०.५, त्याला २०० ने गुणलं. झाली त्रिकोणमिती. दहावीच्या पुस्तकातला काटकोन त्रिकोण हाच, कर्णाच्या जागी तुझा बार आणि समोरच्या बाजूला स्लिप गेज. एम १० चे आटे पाडताना ८.५ चं ड्रिल घेतोस ते का? १० मधून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं दीड मिलिमीटर अंतर, वजा. हे बीजगणित आहे. तू दहा वर्षं गणिताची उत्तरं वापरतोयस, आता प्रश्न कसे मांडतात तेवढं शिकायचं.

म्हणून प्रवेशाची वाट न बघता आजपासूनच बालभारतीची नववी-दहावीची गणिताची पुस्तकं काढ. क्रम उलटा कर, आधी त्रिकोणमिती, मग समीकरणं, मग बाकीचं. रोज एक तास, तोही ठरलेल्या जागी. घरात लेक अंगावर येणार, म्हणून जवळच्या अभ्यासिकेत बस. दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे धातू किती ताण सोसतो त्याचा विषय येतो. आयटीआयमधून थेट आलेली पोरं बहुतेक तिथेच अडतात, कारण पहिल्या वर्षाचं गणित आणि मेकॅनिक्स त्यांनी केलेलं नसतं. ग्लासगो-लंडनला जी गळती झाली तीच इथे होते. हाताने मागे नसतात ती पोरं.

आणि तुझ्या लाइनवरचा तो २२ वर्षांचा पोरगा. त्याच्या डिप्लोमाच्या वह्या माग. लाज वाटेल, तरी माग. तू त्याला ऑफसेट शिकवलास तेव्हा त्यानेही कमीपणा मानला नाही. जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं त्याच्याकडून बेंडिंग मोमेंट, म्हणजे भाराने दांडा वाकतो त्याचं गणित, समजून घे. मला तर वाटतं, तुझी झोप यानेच परत येईल.

शिफ्टचं मात्र जपून ठरव. नाईट करून दिवसाच्या कॉलेजला बसायचा विचार कुणी तुझ्या डोक्यात घालेल. तो करू नकोस. झोप न झालेला माणूस मशिनवर उभा राहिला की काय होतं ते मी पाहिलं आहे. बोटं परत येत नाहीत. दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, ही तुझी मुख्य वाट. त्यातही २०२३-२४ पासून एआयसीटीईने नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळ्या तुकड्यांना परवानगी द्यायला सुरुवात केली आहे. वर्गाची वेळ कामाच्या वेळेला सांभाळून, हजेरी आणि प्रात्यक्षिकं खरीखुरी, प्रमाणपत्र नेहमीचं. कामाचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तुझ्याकडे दहा आहे. अशी तुकडी यंदा कुठल्या संस्थेत आहे ते सामनगावच्या तंत्रनिकेतनात जाऊन विचार. तंत्रशिक्षण संचालनालयाचं विभागीय कार्यालयही नाशिकमध्येच आहे, तिथे यादी माग. फोनवर विचारू नकोस, स्वतः जा. कुठल्याही खाजगी संस्थेने बोलावलं तर दोनच गोष्टी विचार: एआयसीटीईचं या वर्षाचं मान्यतापत्र आणि राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता. दाखवायला टाळाटाळ झाली की उठ.

सिडकोहून सामनगाव म्हणजे अख्खं शहर आडवं ओलांडणं, त्यात द्वारका चौकातला जॅम. जवळची संस्था मिळाली तर थोडं कमी नाव असलेलीही चालेल. तीन वर्षांच्या पोरीच्या बापासाठी रोजचा वाचलेला तास मोठा असतो.

प्रवेश ऑनलाइन होतात. तोपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, लागत असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणी हे सगळं जमवून ठेव. अर्ज सुविधा केंद्रावर बसून भर, सायबर कॅफेतल्या पोराच्या हवाली करू नकोस. प्रवेश झाला की कंपनीला लेखी अर्ज दे: अमुक कोर्स, अमुक वेळ, फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट मिळावी ही विनंती. सोबत प्रवेशाची पावती जोड. तोंडी सांगितलेलं सुपरवायझर बदलला की विसरलं जातं. नाईट अलाउन्ससाठी आपणहून नाईट घेणारा एखादा तुमच्याकडे नक्की असेल, त्याच्याशी आधी बोलून ठेवलंस तर मॅनेजरला नाही म्हणणं अवघड जाईल.

हे सगळं जमेलच असं मी म्हणत नाही. जमलं नाही तर तुझ्यासाठी आणखी एक रस्ता माझ्या मनात आहे. तू नव्या पोराला शिकवलंस आणि त्याला ते आलं. ही गोष्ट सगळ्यांना जमत नाही. आयटीआयमध्ये निदेशक होण्यासाठी एक वर्षाचं शिल्पनिदेशक प्रशिक्षण असतं, मुंबईला चुनाभट्टीच्या राष्ट्रीय संस्थेत ते चालतं. नोकरी चालू ठेवून ते करता येणार नाही, म्हणून आज त्याचा विचार करू नकोस. डिप्लोमा झाल्यावर मला पुन्हा लिही.

तुझ्या बायकोबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पैसे देऊ नका म्हणाली एवढीच. घरात सगळ्यात नेमकं तीच बोलली. पुढची दोन-तीन वर्षं संध्याकाळी तू घरी नसशील, रविवारी सबमिशनचे कागद पसरून बसशील, त्याचा भार तिच्यावर पडणार आहे. तो तिला आधीच तासांच्या हिशेबात सांग. किती वाजता जाणार, किती वाजता येणार, कुठले वार मोकळे. आणि तिचं शिक्षण कुठे थांबलं तेही विचार. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. बीए, बीकॉमसारखं शिक्षण तिथून घरी राहून, मान्यताप्राप्त रीतीने करता येतं. तू पत्राने इंजिनिअरिंग करू नकोस म्हणालो, पण तिला या वाटेने जायचं असेल तर खुशाल जाऊ दे. राहिलेल्या ६० हजारांतून तिचीही फी निघेल.

आता सर्टिफिकेटं घेऊन ये. मिळाली की दोन-दोन झेरॉक्स काढ आणि मूळ प्रती बायकोकडे ठेवायला दे.